पत्ता बदलला तरी नाव तेच : जॉन पोस्टेल

इंटरनेट कुणाच्या मालकीचं, असं कुणी विचारलं तर आपण डोकं खाजवतो. पण इंटरनेटचं हजेरीबुक कुणाकडे होतं, असं विचारलं तर १९९८ पर्यंत तरी एकच नाव सांगावं लागतं : जॉन पोस्टेल. लांब दाढी, पायात सँडल. पाहणाऱ्याला वाटावं, हा कुणी भटका साधूच!

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना गावचा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून १९६६ मध्ये पदवी, १९६८ मध्ये एम.ए. आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची पीएच.डी. मधल्या काळात ते लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या गटात होते. अर्पानेट या जाळ्याचं पहिलं मशीन तिथंच बसलं. २९ ऑक्टोबर १९६९ ला तिथून पहिला संदेश निघाला, दोन अक्षरं पोचली आणि समोरची सिस्टीम बसली! पोस्टेल तेव्हा तुमच्या-आमच्यासारखे विद्यार्थीच होते.

त्याच वर्षी स्टीव्ह क्रॉकर या दुसऱ्या विद्यार्थ्याने आरएफसी नावाची टिपणं सुरू केली. जाळ्याचे नियम या टिपणांतून ठरत गेले. पोस्टेल त्यांचे संपादक झाले आणि जवळजवळ ३० वर्षं, अगदी मरेपर्यंत राहिले. मे १९७२ मध्ये त्यांनी सुचवलं, की कोणत्या कामाला कोणता क्रमांक हे एकाच माणसाने लिहून ठेवावं, नाहीतर गोंधळ होईल. आता, काम सुचवील त्याच्याच गळ्यात ते पडतं, हे आपल्याला गॅदरिंगच्या कमिटीवरून माहीत आहेच! १९७७ मध्ये ते यूएससी विद्यापीठाच्या आयएसआय संस्थेत गेले, आणि क्रमांकांची वहीही सोबत गेली. पुढे जॉइस रेनॉल्ड्स या सहकारी मदतीला आल्या. या कामाला पुढे आयाना हे नाव मिळालं.

सप्टेंबर १९८१ मधले आयपी आणि टीसीपीचे आरएफसी, म्हणजे ७९१ आणि ७९३, त्यांच्याच संपादनाखाली निघाले. ई-मेलचा एसएमटीपी १९८२ चा, तोही त्यांचाच. आपण पाठवताना काटेकोर राहावं आणि दुसऱ्याचं स्वीकारताना उदार, हे तत्त्व त्यांनीच प्रोटोकॉलमध्ये घातलं.

आता मुद्दा नावांचा. आकडे मशीनला सोपे, माणसाला नावं सोपी. सुरुवातीला सगळ्या मशीनची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत असत. ती फाइल एसआरआय संस्थेत ठेवलेली असे आणि बाकीचे ती उतरवून घेत. मशीन वाढली तशी फाइल फुगली, आणि उतरवून घेईपर्यंत शिळी होऊ लागली. पोस्टेल यांनी हे दुखणं पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे सोपवलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ आणि ८८३ आले. हीच डीएनएस. एका फाइलीऐवजी झाड : मुळाशी रूट, खाली डोमेन, आणि ज्याने त्याने आपली फांदी सांभाळायची.

पण नव्वदच्या दशकात नवीनच पंचाईत झाली. टेलिफोन लाइनवरून मोडेम लावणाऱ्या युनिक्स मशीनला प्रत्येक डायलनंतर नवा पत्ता मिळू लागला. नाव जुनं, पत्ता नवा, मग मित्राने लॉगिन करायचं कुठे? एप्रिल १९९७ च्या आरएफसी २१३६ ने यावर इलाज दिला. लेखक दुसरे होते, संपादकाच्या खुर्चीत पोस्टेल. युक्ती साधी. लाइन जोडली की पीपीपी आपणहून आयपी-अप ही स्क्रिप्ट चालवतं आणि नवा पत्ता तिच्या हाती देतं. स्क्रिप्ट एनएसअपडेटमार्फत नेमसर्व्हरला कळवते, की जुनी नोंद पुसा, ही नवी लिहा. नोंदीची मुदत एखाद्या मिनिटाची ठेवायची, म्हणजे इतर सर्व्हर शिळा पत्ता धरून बसत नाहीत. मात्र सर्व्हरने कुणाचंही ऐकून चालत नाही. ओळख पटवावीच लागते, नाहीतर तुमच्या नावावर दुसराच येऊन बसेल!

नावाची नोंद बदलायचा हक्क कुणाचा, हाच प्रश्न मोठ्या रूपात पोस्टेल यांच्यासमोर उभा राहिला. देशांची डोमेन त्यांच्याकडूनच सोपवली जात. आपलं .इन १९८९ चं, आणि मुंबईच्या एनसीएसटीने ते अनेक वर्षं सांभाळलं. २८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना कळवलं, की रूटची यादी आता नेटवर्क सोल्युशन्सकडून नको, आयानाकडून घ्या. आणि त्यांनी ऐकलं! ना करार, ना हुकूम. एका माणसाच्या शब्दावर जगाच्या इंटरनेटचं मूळ हललं, आणि वापरणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. अमेरिकन सरकार मात्र खडबडून जागं झालं. दबाव आल्यावर पोस्टेल यांनी ही चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं. बंड की चाचणी, हा वाद आजही रंगतो. पण एका माणसावरच्या विश्वासावर एवढा डोलारा किती दिवस चालणार, हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळून चुकलं.

३० सप्टेंबर १९९८ ला आयकॅन ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने पोस्टेल गेले. वय फक्त ५५. व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेखही आरएफसी म्हणूनच निघाला, क्रमांक २४६८. आयानाचं काम आयकॅनकडे गेलं, आणि २०१६ मध्ये अमेरिकन सरकारची त्यावरची देखरेखही संपली.

लॅबमध्ये पिंग मारताना नावाच्या जागी झटकन आकडा उमटतो ना? त्या अर्ध्या सेकंदामागे एका माणसाची तीस वर्षांची वही आहे.