केरो लक्ष्मण छत्रे
केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे (१६ मे १८२५ – १९ मार्च १८८४) हे मराठी गणिती व ज्योतिर्विद होत. जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून १८२६ साली मुंबईत स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेत ते किशोरवयातच प्रा. आर्लिबार यांच्या हाताखाली रुजू झाले. तेथे १८४१ पासून हवामान व भूचुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या होत्या. सुमारे दहा वर्षांच्या या कामात वेध घेण्याची शिस्त त्यांच्या अंगी बाणली.

पुढे पुण्यात अध्यापन करताना त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (१८६०) प्रसिद्ध केली. जुन्या पंचांगांचे गणित आकाशाशी जुळत नव्हते. १८६५ पासून निघालेल्या पटवर्धनी पंचांगाचा आधार त्यांचेच गणित होते. मात्र त्यातील अयनांश वेगळे असल्याने अधिक महिना कधीकधी निराळा येई, सण महिनाभर पुढेमागे होत. ग्रहणे अचूक वर्तवूनही ते पंचांग घरोघर पोचले नाही. त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी पुढे याच पद्धतीचा पुरस्कार केला.