चित्रकार रावबहादूर धुरंधर

मुंबईच्या रस्त्यांवरील गर्दी आपणां वऱ्हाडवासीयांस सर्वस्वी परकी नाही. अकोला-अमरावतीचा कापूस ज्या आगगाडीने मुंबईस गेला, तिच्याच मार्गाने आपली अनेक माणसेही पोटासाठी त्या नगरीत गेली. त्या गर्दीस चित्रकलेत मानाचे स्थान देणारे थोर कलावंत म्हणजे कै. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर होत.

त्यांचा जन्म कोल्हापुरात १८ मार्च १८६७ रोजी पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. आपल्या वऱ्हाडच्या उंबरठ्यावरील अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाल्या, ते जॉन ग्रिफिथ्स त्या वेळी तेथे प्राचार्य होते. १८९५ साली धुरंधरांस बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले आणि पुढील वर्षापासून त्याच शाळेत ते अध्यापन करू लागले.

त्यांची खरी साधना रेखाटनाची. रस्त्यावरून लगबगीने जाणाऱ्या हमालास, कोळणीस वा गाडीवानास समोर नमुना म्हणून बसविता येत नाही. त्याची चाल, मानेचा कल, खांद्यावरील ओझ्याचा ताण क्षणात टिपावा लागतो. एडवर्ड्स या पोलीस कमिशनरांचे मुंबईच्या आडवाटांवरील पुस्तक १९१२ साली प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे धुरंधरांची आहेत, आणि ती पाहताना या हस्तसिद्धीची साक्ष पटते.

धुळीने व धुराने धूसर झालेला गजबजलेला रस्ता तैलरंगांत उतरविणे हे तर अधिकच कठीण. जवळची माणसे गडद व रेखीव ठेवावी. दूर जावे तसतसा रंग फिका करून छाया-प्रकाशातील भेद कमी करावा आणि ओल्या रंगांतच आकृतींच्या कडा विरघळू द्याव्या, तेव्हाच मध्ये हवा भरल्याचा भास होतो. मात्र सपाट रस्त्यावर सर्वांची मस्तके दृष्टिरेषेशी सुसंगत असली पाहिजेत. नाही तर गर्दी घसरल्यासारखी वाटते. धूसरपणा म्हणजे अज्ञानावरील पांघरूण नव्हे. ज्याने माणसे हजारो वेळा रेखाटली, त्याच्याच कुंचल्याचा एक ठिपका दूरचा माणूस होऊन उभा राहतो.

त्या काळी बंगालमधील नव्या कलापंथाचे अभिमानी तैलरंगांची वास्तववादी पद्धत परकीय मानीत. हा आक्षेप हलका नव्हता; स्वदेशीच्या दिवसांत तो कलावंताच्या निष्ठेवरच घाला होता. धुरंधरांनी आपली पद्धत सोडली नाही. साधन पश्चिमेचे असले तरी त्यांनी रंगविलेली माणसे, त्यांची लुगडी-पागोटी, त्यांचे सण व लग्नसमारंभ येथलेच होते. नव्या दिल्लीतील सचिवालयासाठी त्यांनी रंगविलेल्या भव्य चित्रांतही हिंदू विवाहविधीचा भरगच्च प्रसंग आहे.

१९२७ साली त्यांस रावबहादूर ही पदवी मिळाली. ज्या संस्थेची सूत्रे नेहमी इंग्रजांच्या हाती असत, तिचे संचालकपद १९३० साली काही काळ त्यांनी सांभाळले. परंतु ते केवळ हंगामी. एवढ्या सेवेनंतरही कायमचे पद एतद्देशीयास लाभले नाही, ही त्या काळाची विषमता होय. १९३१ साली ते निवृत्त झाले. आपल्या एक्केचाळीस वर्षांच्या आठवणी त्यांनी मराठीत लिहून १९४० साली प्रसिद्ध केल्या. १ जून १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या कन्या अंबिकाबाई यांनीही चित्रकलेचा वारसा चालविला.

कापसाच्या हंगामात अकोल्याच्या बाजारात धूळ उडते, नवरात्रात अमरावतीस अंबादेवीच्या वाटेवर माणसांचा पूर लोटतो. हे सारे कुंचल्याची वाट पाहात आहे. आपल्या समाजातील होतकरू तरुणांनी एक वही व पेन्सिल घेऊन त्या रस्त्याच्या कडेला नित्य उभे राहावे. धुरंधरांच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन दुसरे कोणते असणार?