तिहेरी उडीचा सम्राट : अदेमार

लंगडी हा आपल्या अंगणातला खेळ. एका पायावर तोल सावरीत पुढे झेपावणे किती कठीण, हे ती खेळलेल्यांना सांगावयास नको. तिहेरी उडीचा आरंभही असाच होतो. धावत येऊन ज्या पायाने उडी घ्यावयाची त्याच पायावर उतरावयाचे, तेथून दुसऱ्या पायावर, आणि मग वाळूत. मधल्या दोन टप्प्यांत देहाच्या वजनाच्या कित्येक पट भार एकट्या पायावर येतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या हेन्री रेबेलोवर याच उडीने घाला घातला. ऐन त्याच्या पाळीला पदकदानाच्या समारंभासाठी त्याला थांबविण्यात आले. थंडीत अंग आखडले, आणि उडी घेताना मांडीचा स्नायू फाटला. पदकाची आशा असलेला तो एकोणीस वर्षांचा तरुण तेथेच कोसळला.

त्याच स्पर्धेत ब्राझीलचा एक तरुण उतरला होता. त्यालाही पदक मिळाले नाही. मात्र त्याचे पाय शाबूत राहिले. त्याचे नाव अदेमार फरेरा द सिल्व्हा.

२९ सप्टेंबर १९२७ रोजी साओ पावलो शहरी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील रेल्वेत कामगार, आई स्वयंपाकीण. तिहेरी उडीकडे तो वळला तो १९४७ साली, म्हणजे लंडनच्या अवघे एक वर्ष आधी! डीट्रिख गेर्नर या जर्मन शिक्षकाने त्याला घडविले. १९३६ साली जपानच्या ताजिमाने बर्लिन येथे १६ मीटरांचा विक्रम केला होता. अदेमारने १९५० मध्ये त्याची बरोबरी केली आणि पुढच्याच वर्षी तो एका सेंटिमीटरने ओलांडला. एक सेंटिमीटर म्हणजे बोटाच्या नखाएवढे अंतर. पण त्यासाठी जगाला पंधरा वर्षे थांबावे लागले होते.

मग १९५२ चा जुलै उजाडला. ज्या हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, तेथेच अदेमारचा खरा दिवस आला. दुसऱ्या उडीत त्याने १६.१२ मीटर अंतर तोडले; विक्रम मोडला. चौथीत १६.०९, पाचवीत १६.२२ आणि सहावीत १६.०५. सकाळपर्यंत जगाचा विक्रम १६.०१ होता, त्याच्यापलीकडे हा गडी एका स्पर्धेत चार वेळा गेला! ब्राझीलला बत्तीस वर्षांनी ऑलिंपिक सुवर्ण लाभले. येण्यापूर्वी तो थोडी फिनिश भाषा शिकला होता, त्यामुळे तेथील लोकांचा तो आधीच लाडका झाला होता. त्यांच्या जयघोषात त्याने मैदानाला फेरी घातली. विजेत्याने अशी फेरी घालण्याची प्रथा तेथूनच पडली, असे पुष्कळांचे म्हणणे आहे.

पुढच्या वर्षी रशियाच्या श्चेर्बाकोव्हने १६.२३ मीटर उडी मारून विक्रम हिरावला. १९५५ मध्ये मेक्सिकोत अदेमारने १६.५६ मीटर उडी मारून तो परत मिळविला.

१९५६ साली मेलबर्नमध्ये मात्र कसोटीच होती. आइसलँडसारख्या चिमुकल्या देशाचा एइनार्सन हा अपरिचित खेळाडू १६.२६ मीटर उडी मारून आघाडीवर गेला. अदेमार डगमगला नाही. चौथ्या उडीत त्याने १६.३५ मीटर अंतर गाठले, आणि दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारा तो पहिला ब्राझीलवासी ठरला. एइनार्सनचे रौप्यही लहान नव्हे. त्याच्या देशाचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक होते.

१९६० साली रोमला तो उतरला तेव्हा क्षयाने त्याला ग्रासले होते. त्याला चौदाव्या स्थानावर समाधान मानावे लागले. पोलंडच्या श्मिटने सुवर्ण नेले. त्याने त्याच वर्षी सतरा मीटरांची सीमाही ओलांडली होती.

परंतु अदेमारचे आयुष्य केवळ वाळूच्या खड्ड्यापुरते नव्हते. त्याने शिल्पकला शिकली, शारीरिक शिक्षणाचा आणि कायद्याचा अभ्यास केला. १९५९ च्या ‘ब्लॅक ऑर्फियस’ या गाजलेल्या चित्रपटात त्याने मृत्यूची भूमिका केली. (इतक्या चपळ मृत्यूपासून कोण निसटणार!) १९६४ ते १९६७ या काळात तो नायजेरियातील लागोस येथे आपल्या देशाच्या वकिलातीत सांस्कृतिक प्रतिनिधी होता.

१२ जानेवारी २००१ रोजी साओ पावलो येथे त्याचे निधन झाले. त्याच्या साओ पावलो क्लबच्या बोधचिन्हावर त्याच्या विक्रमांच्या स्मरणार्थ दोन सोनेरी तारे आहेत : एक हेलसिंकीचा, एक मेक्सिकोचा. क्लब फुटबॉलचा, तारे तिहेरी उडीचे.