स्वामी रामानंद तीर्थ

आपल्या उमरीचे नाव हैदराबाद मुक्तिसंग्रामात कायमचे नोंदले गेले ते ३० जानेवारी १९४८ या दिवसामुळे. त्या दिवशी स्टेट काँग्रेसच्या सैनिकांनी येथील हैदराबाद स्टेट बँकेवर धाड घातली आणि निजामाचा वीस लाखांहून अधिक रुपयांचा खजिना हाती घेतला. ती रक्कम सरहद्दीपलीकडे उमरखेडच्या केंद्रावर गेली व तिचा हिशेब ठेवला गेला. त्यातली एक पैही कोणी आपल्या घरी नेली नाही, असे आपल्या गावातील वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगत आली आहेत.

मी एक साधी गृहिणी. महिन्याचा किराणा, मुलांची फी आणि दवाखाना यांचा मेळ घालताना पैशाचा मोह काय असतो तो मला ठाऊक आहे. लाखोंच्या राशी समोर असताना ज्यांचे मन ढळले नाही, ती माणसे कोणी घडविली असतील? याचे उत्तर शोधू लागले की स्वामी रामानंद तीर्थ यांच्यापाशीच यावे लागते. म्हणून या स्मरणिकेसाठी मी त्यांचेच चरित्र निवडले.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापुरात शिकत असताना १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले. त्या वेळी या सतरा वर्षांच्याही आतील मुलाने अविवाहित राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला. असहकाराच्या हाकेसरशी त्याने सरकारी शाळा सोडली आणि अमळनेर व पुणे येथे राष्ट्रीय शिक्षण घेतले. पुढे कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ काम केले. चांगली पदवी हाती होती. मनात आणले असते तर सुखाचा संसार थाटता आला असता.

परंतु ते आले आपल्या मराठवाड्यात, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून. १९२१ साली निघालेली ही शाळा म्हणजे निजामी राजवटीतील एक निराळेच बेट होते. संस्थानात कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत चाले. सभा घ्यायची तर परवानगी, संस्था काढायची तर संशय. अशा ठिकाणी मुलांना स्वाभिमान शिकविणे हीच मोठी लढाई होती. हिप्परग्यासच त्यांनी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली व व्यंकटेशाचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊन माणसे हिमालयात जातात. स्वामीजी वर्गात फळ्यासमोर उभे राहिले. १९३५ साली ते आंबेजोगाईला गेले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या साथीने तेथेही त्यांनी शाळेतून कार्यकर्ते तयार केले. माझ्या मते मुक्तिसंग्रामाची खरी पेरणी या शाळांतच झाली.

१९३८ साली त्यांनी शाळा सोडली व ते हैदराबादला गेले. स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. नंतर वैयक्तिक सत्याग्रहातही त्यांना अटक झाली. प्रकृती मुळातच नाजूक असूनही त्यांनी कधी माघार घेतली नाही. १९४६ साली बंदी उठली आणि स्वामीजी संघटनेचे अध्यक्ष झाले.

देश स्वतंत्र होऊ लागला तेव्हा निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्टेट काँग्रेसने भारतात विलीन व्हा असा दिवस पाळला. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरअखेर ते सुटले व २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा कैद झाले. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी तर गावोगाव हैदोस मांडला होता. लूट, जाळपोळ आणि खून यांमुळे कित्येक कुटुंबे सरहद्द ओलांडून गेली. पुरुष केंद्रांवर गेले तेव्हा मागे राहिलेल्या आयाबहिणींनी भीतीच्या छायेत घरे सांभाळली. त्यांची नावे इतिहासात थोडीच सापडतात.

स्वामीजी गांधीजींच्या वाटेने जाणारे होते. मग सरहद्दीवरील केंद्रांत बंदुका कशा आल्या, असा प्रश्न पडतो. तो झाकून ठेवू नये. तुरुंगाबाहेर दिगंबरराव बिंदू यांच्या कृती समितीने लढा चालविला, आणि नि:शस्त्र प्रजेवर रोज हल्ले होत असताना शस्त्र हाती घेणे भाग पडले. पण त्या शस्त्राला शिस्त होती, आणि हाती आलेल्या पैशाला हिशेब होता. ज्या दिवशी उमरीची बँक घेतली त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. ही तारीख आपण दोन्ही कारणांनी लक्षात ठेवली पाहिजे.

हा लढा कोण्या धर्माविरुद्ध नव्हता, हेही लेकरांना सांगितले पाहिजे. विलीनीकरणाची बाजू घेणारे संपादक शोएबुल्ला खान यांनाही रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार केले.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि त्याच दिवशी स्वामीजींची सुटका झाली. आता मोठे पद मागितले असते तर कोणी नाही म्हटले असते का? स्वामीजी मंत्रिपदाच्या मागे लागले नाहीत. १९५२ साली गुलबर्ग्यातून व १९५७ साली औरंगाबादेतून ते लोकसभेवर निवडून आले, परंतु जीव रमला तो शिक्षण, खादी व कुळांचा प्रश्न यांत. भाषेप्रमाणे प्रांत व्हावेत असा त्यांचा आग्रह होता. १९५६ साली हैदराबाद राज्याची विभागणी झाली आणि मराठवाडा आपल्या मराठी बांधवांत आला. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींनी देह ठेवला. १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव दिलेले आहे.

संसार नाही, घर नाही, शेत नाही. म्हणूनच हजारो घरांनी आपली मुले त्यांच्या हाती विश्वासाने दिली. पुढाऱ्याने स्वतःसाठी काही ठेवले नाही, तर अनुयायांचाही हात खजिन्यातून स्वच्छ बाहेर येतो.

आपल्या मंडळात प्रत्येकीची वर्गणी जमा होते. रक्कम लहान असते, पण ती कोणाच्या तरी घामाची असते. त्या वहीतील प्रत्येक नोंद चोख राहिली आणि एकाही सभासदाची मुलगी पैशावाचून शाळेबाहेर राहिली नाही, तर स्वामीजींचे थोडेसे ऋण उमरीने फेडले असे मी समजेन.