अमीर अब्दुल कादिर : शेजाऱ्यांसाठी दार उघडणारा मुजाहिद

अल्जेरियाचे अमीर अब्दुल कादिर (१८०८-१८८३) म्हटलं की आपल्याला फ्रेंचांशी १५ वर्षं लढलेला मुजाहिद आठवतो. १८४७ मध्ये त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. सुखरूप जाऊ देण्याचा शब्द फ्रेंचांनी मोडला आणि त्यांना सुमारे ५ वर्षं फ्रान्समध्ये कैदेत ठेवलं. पुढे ते दमिश्कला स्थायिक झाले.

जुलै १८६० मध्ये तिथे दंगल उसळली, हजारो ख्रिस्ती मारले गेले. ज्यांनी मुलूख हिसकावला, त्यांच्याच धर्माची ही माणसं. अमीरसाहेबांनी मात्र आपले अल्जेरियन साथीदार गल्लोगल्ली पाठवून ख्रिस्ती कुटुंबांना स्वतःच्या हवेलीत आणलं. जमाव दारावर आला तेव्हा ते आडवे उभे राहिले. शहरातल्या इतरही काही मुस्लिमांनी शेजाऱ्यांना आसरा दिला. हजारो जीव वाचले.

पुढे अब्राहम लिंकन यांनी त्यांना पिस्तुलं भेट पाठवली, पोपनीही सन्मान केला. अमीरसाहेबांच्या मते शरीअत आणि माणुसकी, दोन्हींच्या दृष्टीनं हे फर्जच होतं.

आपल्याकडे सणावारांआधी शांतता कमिटीच्या बैठका होतात. तिथे जाताना आपण हा वारसा लक्षात ठेवू या, घरात मुलांनाही सांगू या.