रोआल्ड अमुंडसेन

रोआल्ड एंगेलब्रेग्ट ग्राव्हनिंग अमुंडसेन (जन्म : १६ जुलै १८७२; मृत्यू : जून १९२८) हे नॉर्वेचे दर्यावर्दी व ध्रुवप्रदेशांचे संशोधक होते. अटलांटिक महासागरातून उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून पॅसिफिक महासागरात नेणारा 'वायव्य मार्ग' एकाच जहाजाने संपूर्ण पार करणारे ते पहिले कप्तान होत (१९०३–१९०६). दक्षिण ध्रुवावर सर्वप्रथम पोहोचलेल्या तुकडीचे नेतृत्वही त्यांनीच केले (१९११). मोठी जहाजे आणि शेकडो माणसे यांवर विसंबणाऱ्या मोहिमा जेथे अयशस्वी ठरल्या, तेथे लहान नौका, मोजके सहकारी आणि स्थानिक लोकांचे ज्ञान यांच्या बळावर त्यांनी यश मिळविले.

जन्म व शिक्षण

अमुंडसेन यांचा जन्म आग्नेय नॉर्वेमधील बोर्गे येथे झाला. वडील येन्स हे जहाजमालक व कप्तान होते. घराण्यात दर्यावर्दीपणा परंपरेने चालत आला असला तरी या धाकट्या मुलाने डॉक्टर व्हावे, अशी आईची इच्छा होती. वडिलांचे १८८६ मध्ये निधन झाल्यावर रोआल्ड यांनी आईच्या इच्छेनुसार वैद्यकीय शिक्षणाची वाट धरली. मात्र किशोरवयात सर जॉन फ्रँकलिन यांच्या मोहिमांची वर्णने वाचल्यापासून त्यांच्या मनाने ध्रुवप्रदेशाचा ध्यास घेतला होता. थंडी सोसण्याची सवय व्हावी म्हणून ते कडाक्याच्या हिवाळ्यातही खिडक्या उघड्या ठेवून झोपत. १८९३ मध्ये आईचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी विद्यापीठ सोडले आणि सील माशांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून नोकरी पत्करली.

बेल्जिका मोहीम

१८९७ ते १८९९ या काळात बेल्जियमच्या 'बेल्जिका' जहाजावर त्यांनी अधिकारी म्हणून काम केले. हे जहाज अंटार्क्टिकाजवळ बर्फात अडकले व संपूर्ण हिवाळा तेथेच राहिले. पुरेशा गरम कपड्यांअभावी खलाशांचे हाल झाले आणि ताज्या अन्नाअभावी त्यांना स्कर्व्ही हा रोग जडला. जहाजावरील अमेरिकी डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी सील व पेंग्विन यांचे ताजे मांस खाण्याचा आग्रह धरल्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. ध्रुवप्रदेशात अन्न व वस्त्र यांची व्यवस्था चुकली तर धाडस निरुपयोगी ठरते, हा धडा अमुंडसेन यांनी येथे घेतला.

वायव्य मार्ग

पूर्वपीठिका

युरोपातून आशियाकडे जाणाऱ्या या मार्गाचा शोध सुमारे चार शतके चालू होता. १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने फ्रँकलिन यांना 'एरेबस' व 'टेरर' ही दोन भक्कम जहाजे देऊन पाठविले. ती किंग विल्यम बेटाजवळ बर्फात अडकली आणि मोहिमेतील १२९ जणांपैकी एकही परतला नाही. ज्या परिसरात ही माणसे उपासमार, थंडी व रोग यांनी मरण पावली, त्याच परिसरात नेट्सिलिक इन्युइट लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते.

योआ नौका

अमुंडसेन यांनी १९०१ मध्ये 'योआ' ही शिडाची नौका विकत घेतली. ती १८७२ मध्ये, म्हणजे त्यांच्याच जन्मवर्षी, बांधलेली होती. सुमारे २१ मीटर लांबीच्या या ४७ टनी नौकेला केवळ १३ अश्वशक्तीचे यंत्र बसविण्यात आले. बेटांमधील उथळ पाण्यातून जाण्यास कमी खोल तळाची नौका सोयीची होती, तसेच मोजक्या माणसांना शिकारीवर जगता येणे शक्य होते. मोहिमेला शास्त्रीय आधार असावा म्हणून अमुंडसेन यांनी जर्मनीत भूचुंबकत्वाचा अभ्यास केला आणि उत्तर चुंबकीय ध्रुवाचे स्थान निश्चित करणे हेही एक उद्दिष्ट ठरविले.

तयारीत कर्ज वाढत गेले आणि सावकारांनी तगादा लावला. नौका जप्त होण्याची भीती निर्माण झाल्याने १६ जून १९०३ च्या रात्री, पावसात, अमुंडसेन सहा सहकाऱ्यांसह ख्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो) बंदरातून निघाले. नौकेवर पाच वर्षे पुरेल इतकी शिधासामग्री होती.

प्रवास व नेट्सिलिक लोकांचा सहवास

ऑगस्टमध्ये योआ बीची बेटावर पोहोचली. तेथून दक्षिणेकडे वळल्यावर यंत्राच्या खोलीत इंधनाच्या टाक्यांजवळ आग लागली. ती वेळीच विझविण्यात आली. त्यानंतर नौका खडकावर चढली. डेकवरील जड पेट्या समुद्रात फेकून भार हलका केल्यावर ती वादळात कशीबशी सुटली. सप्टेंबर १९०३ मध्ये किंग विल्यम बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर एक सुरक्षित खाडी सापडली. आज जोआ हेवन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ठिकाणी मोहिमेने जवळजवळ दोन वर्षे मुक्काम केला.

येथे अमुंडसेन नेट्सिलिक लोकांचे शिष्य बनले. लोकरीच्या घट्ट कपड्यांऐवजी कॅरिबूच्या कातड्याचे सैल, दुहेरी कपडे वापरणे, आतील कपड्याची केसाळ बाजू अंगाकडे व बाहेरील कपड्याची बाहेर ठेवणे, घाम साचू न देणे, इग्लू बांधणे आणि स्लेज गाडीच्या पट्ट्यांवर बर्फाचा गुळगुळीत थर चढविणे या गोष्टी त्यांनी आत्मसात केल्या. सुया, सुऱ्या व लोखंडी वस्तू देऊन त्यांनी कपडे व हत्यारे घेतली. हा संग्रह ऑस्लोच्या संग्रहालयात असून त्यांपैकी काही वस्तू अलीकडे जोआ हेवन येथे परत करण्यात आल्या आहेत. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस यांनी नोंदविलेल्या स्थानापासून चुंबकीय ध्रुव सरकला असल्याचेही या मुक्कामातील निरीक्षणांनी सिद्ध झाले.

१३ ऑगस्ट १९०५ रोजी योआ पश्चिमेकडे निघाली. सिम्पसन सामुद्रधुनीत धुके, खडक व उथळ पाणी यांमुळे सतत खोली मोजत पुढे जावे लागले. २६ ऑगस्ट रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून आलेले देवमासे पकडणारे जहाज दिसले आणि मार्ग पार झाल्याची खात्री पटली. बर्फामुळे तिसरा हिवाळा कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावर काढावा लागला. त्या काळात अमुंडसेन यांनी स्लेजने सुमारे ८०० कि.मी. प्रवास करून अलास्कातील ईगल येथून ५ डिसेंबर १९०५ रोजी तारेने यशाची वार्ता कळविली. चुंबकीय निरीक्षणे करणारे गुस्ताव विक यांचा मार्च १९०६ मध्ये मृत्यू झाला. नॉर्वेहून निघालेल्या सात जणांपैकी मोहिमेत मृत्यू पावलेले ते एकमेव होत. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी योआ अलास्कातील नोम बंदरात दाखल झाली.

दक्षिण ध्रुव व नंतरच्या मोहिमा

उत्तर ध्रुव जिंकल्याचे दावे १९०९ मध्ये जाहीर झाल्यावर अमुंडसेन यांनी 'फ्राम' जहाज गुपचूप दक्षिणेकडे वळविले. १४ डिसेंबर १९११ रोजी ते चार सहकाऱ्यांसह दक्षिण ध्रुवावर पोहोचले. कातड्याचे कपडे व कुत्र्यांच्या स्लेज यांविषयीचे उत्तरेतील शिक्षण येथे उपयोगी पडले. ब्रिटिश कप्तान रॉबर्ट स्कॉट यांची तुकडी १७ जानेवारी १९१२ रोजी तेथे पोहोचली व परतीच्या वाटेवर मृत्युमुखी पडली. त्यामुळे अमुंडसेन यांच्या यशावर, विशेषतः त्यांनी बाळगलेल्या गुप्ततेवर, टीकेची छाया राहिली.

१९१८ ते १९२० या काळात त्यांनी 'मॉड' जहाजाने सायबेरियाच्या उत्तरेकडील ईशान्य मार्ग पार केला. पुढे आर्थिक स्थिती ढासळून १९२४ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. सायबेरियातून नॉर्वेला आणून सांभाळलेल्या दोन मुलींना त्या सुमारास त्यांनी परत पाठविले. हा निर्णय आजही टीकेचा विषय आहे. मे १९२६ मध्ये लिंकन एल्सवर्थ व उंबेर्तो नोबिले यांच्यासह 'नॉर्गे' या वायुनौकेतून त्यांनी स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुंड येथून उत्तर ध्रुवावरून अलास्कापर्यंत उड्डाण केले. श्रेयावरून नोबिले यांच्याशी त्यांचा उघड वाद झाला.

मृत्यू

मे १९२८ मध्ये नोबिले यांची 'इटालिया' ही वायुनौका बर्फावर कोसळली. जुने वैर बाजूला ठेवून अमुंडसेन शोधकार्यास निघाले. १८ जून रोजी 'लॅथम ४७' या फ्रेंच विमानाने ट्रॉम्सोहून उड्डाण केले आणि ते सहा जणांसह बेपत्ता झाले. पुढे विमानाचा एक तरंडा सापडला. अमुंडसेन यांचा देह मात्र कधीच मिळाला नाही. नोबिले वाचले. अमुंडसेन अविवाहित होते.

वारसा

योआ नौका अनेक दशके सॅन फ्रान्सिस्कोतील उद्यानात होती. १९७२ मध्ये ती नॉर्वेला परत नेण्यात आली. १९८४ मध्ये 'लिंडब्लाड एक्सप्लोरर' या लहान प्रवासी जहाजाने वायव्य मार्ग पार केला व या मार्गावरील पर्यटनाचा आरंभ झाला. फ्रँकलिन यांच्या बुडालेल्या जहाजांचे अवशेष २०१४ व २०१६ मध्ये सापडले. त्यांच्या शोधात इन्युइट लोकांच्या मौखिक आठवणी मोलाच्या ठरल्या.

भारतीय संदर्भ

योआ ज्या वर्षी निघाली त्याच १९०३ मध्ये वैदिक आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवप्रदेशात असल्याचे मत मांडणारा लोकमान्य टिळकांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारताचे 'हिमाद्री' हे आर्क्टिक संशोधन केंद्र २००८ मध्ये न्यू-ओलेसुंड येथे सुरू झाले. त्याचे काम गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत चालते. 'नॉर्गे' बांधून ठेवण्यासाठी उभारलेला लोखंडी मनोरा त्या वस्तीजवळ आजही उभा आहे.