एका पैची चूक

दत्तजयंतीला आपण जी दत्ताची आरती म्हणतो, ती संत एकनाथ महाराजांची. आमच्या गोवंडीत लोकलच्या खडखडाटातही ती कानी पडली, की मला नाथांच्या चरित्रातली पैची गोष्ट आठवते.

नाथांचा जन्म पैठणचा, साधारण १५३३ सालचा. संत भानुदासांचे ते पणतू. आईवडील लवकर गेले, आजोबा चक्रपाणींनी सांभाळलं. पुढे गुरूच्या ओढीने पोरवयातच ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी आणि परम दत्तभक्त. त्यांनी नाथांकडे जमाखर्च सोपवला.

एकदा हिशेबात एक पै जुळेना. रात्र सरत आली तरी नाथ दिव्यापाशी कागद चाळत बसले होते. अखेर चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. ते रागावले नाहीत. पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर जन्माच्या हिशेबातली चूक सापडल्यावर केवढा होईल, एवढंच त्यांनी समजावलं.

मला त्या टाळीचं मोल फार वाटतं. आपण चूक सापडली की झाकतो, नाहीतर दुसऱ्यावर ढकलतो. नाथांना ती सापडल्याचा हर्ष झाला, कारण सापडली तरच ती सुधारता येते. पुढे १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. चुका नकला करणाऱ्यांच्या होत्या, पण त्या निस्तरण्याचं काम नाथांनी आपलं मानलं.

त्यांचा मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. वडील मराठीत प्रवचन करतात, कुणाकडेही जेवतात, हे न पटून तो काशीला निघून गेला. नाथ स्वतः त्याला आणायला गेले. परान्न घ्यायचं नाही आणि मराठीत प्रवचन करायचं नाही, या त्याच्या अटीही त्यांनी मान्य केल्या. मग पुराण हरिपंडित संस्कृतात सांगू लागला, पण श्रोते ओसरले. पुढची कथा अशी सांगतात. एका गरीब बाईचा सहस्रभोजनाचा संकल्प होता. तिच्या घरी हरिपंडिताने स्वतः रांधलं आणि नाथ एकटेच जेवले. त्याने उष्टी पत्रावळ उचलली, तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार निघाल्या. त्याचा अभिमान गळाला. त्याने वडिलांचे पाय धरून क्षमा मागितली आणि प्रवचनं पुन्हा मराठीत सुरू झाली. एवढ्या पंडिताला त्यात कमीपणा वाटला नाही.

आपल्या वयाच्या मंडळींना हेच जड जातं बघा. सुनेला टाकून बोललो, नातवावर उगाच आळ घेतला, तरी चुकलो म्हणायला जीभ वळत नाही. मोठेपणा आड येतो. पण बाप असून काशीपर्यंत जाणाऱ्या नाथांचा मोठेपणा कुठे कमी झाला? आणि पाय धरणाऱ्या हरिपंडिताचा तरी?

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. दत्तचरणी फुलं वाहण्याआधी घरातला असा एखादा हिशेब राहिला असेल, तर या जयंतीला तो मिटवून यावं, एवढीच विनंती.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥